डाव्या पायडलाचे आटे

सायकल दुरुस्तीचं काम कसं शिकलात, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. बहुतेक बायकाच विचारतात. मुलीची सायकल घेऊन येतात, चाक नीट होईपर्यंत बाकड्यावर बसतात आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच विचारतात. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून मी हसते आणि ‘बघून बघून’ एवढंच सांगते. ते खरं आहे, पण निम्मंच. उरलेलं निम्मं सांगायचं तर आधी शिव्यांविषयी बोलावं लागेल, आणि ते दुकानात बसून कसं सांगणार? म्हणून इथं लिहून ठेवते. इथं मला कुणी ऐकत नाही, त्यामुळं सगळं सांगता येतं.

दुकान माझ्या सासऱ्यांचं. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती. माझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडं, तिथं असंच म्हणतात. दुकान कोल्हापुरात एका शाळेच्या रस्त्याला आहे. एक शटर, आत दोन माणसं कशीबशी उभी राहतील एवढी जागा, भिंतीवर टांगलेले टायर आणि बाहेर काळी पडलेली फरशी. काम सगळं त्या फरशीवर. मामा एका बुटक्या लाकडी पाटावर बसायचे आणि त्यांची हत्यारं त्यांच्याभोवती अशी पसरलेली असायची की न बघता हात टाकला तरी पाहिजे तोच पाना हाताला यावा.

मी लग्न होऊन आले तेव्हापासून दुपारचा डबा पोचवायचं काम माझ्याकडं. मामा जेवून डबा रिकामा करेपर्यंत मी आत कोपऱ्यात उभी राहायचे. घरी लवकर परत जाऊन करण्यासारखं काही नसायचं असं नाही, पण मी थांबायचे. चाक उलट्या सायकलवर भिरभिर फिरताना बघायला मला आवडायचं. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीची शाळा लांब होती आणि सायकल एकच होती, ती भावाला गेली. त्याबद्दल मला आता काही वाटत नाही. पण सायकल घरी आली की तो हातपाय धुऊन येईपर्यंत मी तिचं पायडल हातानं फिरवत बसायचे, ते मात्र लक्षात आहे.

मामांच्या हाताखाली तेव्हा पोरं असायची. मामा त्यांना शिकवायचे, म्हणजे शिव्या द्यायचे. दोन्ही एकच. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकायचे आणि हळूहळू मला त्या शिव्यांचा अर्थ लागायला लागला. ‘गाढवा’ म्हणजे पाना चुकीच्या नंबरचा उचललास. ‘म्हाताऱ्या’ म्हणजे गिऱ्हाईक खोळंबलंय, हात चालव. ‘जावईबापू’ म्हणजे रिकामा बसलायस, निदान फरशी तरी झाड. ‘रेड्या’ म्हणजे जोर लावू नकोस, आधी डोळ्यांनी बघ. आणि पोराचा बाप काढला की समजायचं, गोष्ट गंभीर आहे, ब्रेकचं काम आहे, कुणाचा तरी जीव जाईल. पोरं त्या शब्दांवर चालायची. मामा कधी हात धरून शिकवत नव्हते. त्यांना त्याची गरजच पडली नाही.

मग पोरं यायची बंद झाली. कुणी मोटारसायकलच्या गॅरेजात गेलं, कुणी शिरोली एमआयडीसीत लागलं. माझे मालक, म्हणजे माझा नवरा, तेही तिथंच फाउंड्रीत आहेत. त्यांना सायकलीत कधीच रस नव्हता. आणि त्याच सुमारास मामांचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही. सायकलचं काम उभं राहून कसं करणार? थोडे दिवस मामा खुर्चीवर बसून वाकून काम करायचे, मग पाठ धरायची.

रस्त्यावर मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण होता. त्यानं दुकानाची जागा मागितली. जागा शाळेजवळ, पोरांच्या हातात मोबाईल, त्याला ती बरोबर वाटत होती. मामा म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. त्या दिवसापासून ते घरात बोलायचे कमी झाले. मालकांचं म्हणणं होतं की आता विश्रांती घ्या, काय कमी आहे. त्यांचं चुकीचं नव्हतं. मला मात्र ते दुकान जावं असं वाटत नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार, आणि सांगायचं तरी काय, की मला चाक फिरताना बघायला आवडतं?

एकदा दुपारी मी डबा घेऊन गेले तर मामा बेअरिंगचे छर्रे आणायला पेठेत गेले होते. शेजारच्या चहावाल्याला दुकानाकडं बघायला सांगितलं होतं. तेवढ्यात एक शाळेची मुलगी सायकल हातानं ढकलत आली. मागच्या चाकातली हवा पार गेलेली.

“मिस्त्री कुठं हाईत?”

मी म्हणाले, येतील. ती म्हणाली, माझी परीक्षा आहे. ती रस्त्याकडं बघत होती, मी चाकाकडं. मग मी पदर खोचला आणि खाली बसले.

किती वर्षं बघितलं होतं, पण हातांना माहीत नव्हतं. पट्टीनं टायरची कड उचलताना ती दोनदा निसटली. ट्यूब बाहेर काढली, हवा भरली, घमेल्यातल्या पाण्यातून सरकवत नेली. बुडबुडे आले. बारीक काटा होता. टायर आतून बोटांनी चाचपून तो काढला, नाहीतर पुन्हा तिथंच पंक्चर झालं असतं. ट्यूब पुसली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्युशन लावलं आणि मामा करतात तशी फुंकर मारत थांबले. सोल्युशन ओलं असताना पॅच लावला तर तो धरत नाही. मुलगी घड्याळ बघत होती, पण मी घाई केली नाही. ती गेली तेव्हा दोन्ही पाय पायडलवर टाकून उभ्यानं सायकल मारत गेली.

मामा आले तेव्हा माझे हात काळे होते, घमेल्यातलं पाणी हललेलं होतं आणि डबा तसाच होता. त्यांनी सगळं बघितलं आणि जेवायला बसले. मला एक शब्द विचारला नाही. रात्री आत्तींना म्हणाले, “पंक्चर काढली म्हणं.”

आत्ती माझ्या उलट. त्या बोलल्या की गल्लीला कळतं. त्या म्हणाल्या, “मग? तुमच्या म्होरंच तर उभारतीया रोज. बसवा की तिला. बाहीरच्याला जागा देण्यापरीस घरचं माणूस बसंल.”

मामा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले की पंक्चर काढून दुकान चालत नाही. चाकाचा आऊट काढता आला पाहिजे. दिवाळीपर्यंत तेवढं आलं तर बघू, नाहीतर जागा द्यायची. मालक घरी आल्यावर त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तुला जमत असेल तर बस. त्यांना वाटलं असणार, चार दिवसांत कंटाळेल.

आऊट म्हणजे काय ते सांगते. सायकल खड्ड्यात आपटली की रिम एका बाजूला झोकतो. चाक फिरवलं की ते सरळ न फिरता नागमोडी फिरतं, ब्रेकला घासतं. तो बाक म्हणजे आऊट. तो काढायचा म्हणजे तारा कमी-जास्त आवळून रिम पुन्हा सरळ करायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण एक तार आवळली की दुसरीकडं कुठंतरी बाक पडतो. सगळ्या तारा एकमेकींच्या भरवशावर उभ्या असतात. ज्याला आऊट काढता येतो तो मिस्त्री, बाकीचे हवा भरणारे.

मी दुकानात बसायला लागले. आणि मला काहीच शिकायला मिळेना.

कारण मामांना मला शिकवता येत नव्हतं. सुनेशी सासऱ्यानं तोंडावर बोलायचं नाही, हे आमच्या घरात कुणी ठरवलेलं नव्हतं, पण होतं. मामा मला नावानं हाक मारत नाहीत. पाणी हवं असेल तर ‘पाणी मिळंल का’ असं भिंतीला विचारतात, आणि भिंतीच्या वतीनं मी देते. घरात हे चालतं. दुकानात मामा खुर्चीवर बसून म्हणायचे, “कुणीतरी जरा लहान पाना घेतला तर बरं हुईल.” मी कुठला लहान, असं विचारायला लाजायचे. मी काहीही केलं तरी ते म्हणायचे, बरं झालंय. पोरांना ते जन्मात कधी बरं झालंय म्हणाले नव्हते.

एके दिवशी मी बसवलेला ब्रेक दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळाच दिसला. ब्रेकचे रबरी गुटके दोन्हीकडं सारखे लावलेले, तार घट्ट केलेली. मग मला कळलं. संध्याकाळी मी स्वयंपाकाला घरी गेले की मामा दुखत्या गुडघ्यांनी खाली बसून माझं काम उकलून पुन्हा करत होते. मला ते फार लागलं. दिवाळीला ते काय सांगणार, हे मला तेव्हाच कळलं.

मामांचा एक जुना शिष्य कधीमधी येतो. आता त्याचं स्वतःचं मोटारसायकलचं गॅरेज आहे, पोट सुटलंय, पण मामांना वस्ताद म्हणतो आणि त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. तो आला तेव्हा मामा चहा प्यायला गेले होते. मला खाली बसलेलं बघून त्यानं आधी तोंडावर हात ठेवला. मग विचारलं, “काय वैनी, वस्ताद शिकीवत्यात का?”

मी होय म्हणून मान हलवली.

“शिव्या देत्यात?”

मी नाही म्हणाले.

तो गंभीर झाला. “मग कसलं शिकीवत्यात. वैनी, मला पयल्या दिवशी त्यांनी आज्जापातूर न्हेलं होतं. तुमचा अजून बाप बी काढला न्हाय, म्हंजे तुमचं शिक्षण सुरूच झालं न्हाय.”

तो थट्टेनं बोलला, पण मला ते पटलं. घरी आत्तींना मी हे सांगितलं, कारण आत्तींना मी सांगू शकते. त्या हसल्या आणि जेवताना मामांना म्हणाल्या, शिव्या देऊन शिकवा की, मी कान झाकून घेते. मामा ताट अर्धवट सोडून उठले. सुनेला शिवी देणारा माणूस म्हणजे काय, हे त्यांना मनातसुद्धा आणवत नव्हतं.

दसरा झाला. एका दूधवाल्याची सायकल आली, जुनी, जड, काळी. डावं पायडल मोडलेलं. नवीन बसवायचं होतं. दुपारची वेळ, शाळा मधल्या सुट्टीत, चहाच्या गाड्यावर चार माणसं, दूधवाला बाकड्यावर. मी पाना लावला आणि जुनं पायडल सोडवायला लागले. सगळे नट ज्या बाजूनं सुटतात त्याच बाजूनं फिरवलं. हलेना. गंजलं असेल म्हणून तेल सोडलं, पुन्हा लावला. हलेना.

मामा खुर्चीवरून माझ्याकडं न बघता म्हणाले, “ते उलटं असतंय.”

मला वाटलं, सायकल उलटी करून घ्यायची असते. मी उठले, सायकल धरली आणि हँडल-सीटवर उलटी उभी केली. दूधवाल्यानं मदत केली. मग पुन्हा पाना लावला. पायडल आणखीच घट्ट झाल्यासारखं वाटलं.

मामा आता आकाशाला म्हणाले, “उलटं हाय ते. उलटं.”

मी विचार केला, अरे, आपण उलटी केली ते चुकलं, सरळच पाहिजे होती. मी ती जड सायकल पुन्हा सरळ केली. दूधवाल्यानं पुन्हा मदत केली, पण या वेळेला त्यानं माझ्याकडं, मामांकडं आणि मग चहावाल्याकडं बघितलं. चहाच्या गाड्यावरचं बोलणं थांबलं होतं. मी घामाघूम. मी पाना लावला आणि आता काही करून सोडवायचंच म्हणून पाना पायानं दाबायला पाय उचलला.

“आरं ये रेड्या! सायकल न्हवं, आटं उलटं! डाव्या पायडलाचं आटं उलटं असत्यात! जोर कशाला लावतोयस, बघ की डोळं उघडून!”

मामा खुर्चीतून उभे राहिले होते. आवाज शाळेच्या फाटकापर्यंत गेला असणार, कारण तिथली पोरंही वळून बघायला लागली.

मी पाय खाली घेतला. पाना दुसऱ्या बाजूनं फिरवला. थोडा कुरकुरला आणि पायडल लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं.

आता मला ते कळतं. डावा पाय पायडल ज्या बाजूनं फिरवतो त्या बाजूनं सरळ आटे असते तर चालवता चालवताच ते सुटून पडलं असतं. म्हणून कंपनीनंच त्याचे आटे उलटे पाडलेले असतात. पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नाही. मला फक्त एवढं कळलं होतं की मामा माझ्याशी बोलले. भिंतीशी नाही, आकाशाशी नाही, माझ्याशी. आणि रेड्या म्हणजे काय, ते मला आधीपासून माहीत होतं. मी पदर तोंडाला लावून हसत होते. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, मी रडते आहे.

मामांनाही तसंच वाटलं. ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दूधवाल्याची सायकल झाली, तो गेला, तरी ते माझ्याकडं बघेनात. पाचच्या आधीच त्यांनी शटर ओढायला सांगितलं, चहावाल्याला. मला नाही.

रात्री ते जेवायला बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. मग आत्तींना म्हणाले, उद्या त्या कव्हरवाल्याला निरोप द्या, दिवाळीची वाट बघायला नको. आत्तींनी विचारलं काय झालं. मामा म्हणाले, “भर रस्त्यात सुनंला रेडा म्हणलो. आता कुठल्या तोंडानं दुकान चालवू?”

मी तव्यापाशी होते. आत्ती हसतील असं मला वाटलं आणि त्या हसल्याच, पण मामांचा चेहरा बघून थांबल्या. मग त्यांनी त्यांच्या परीनं समजूत घातली. “आवो, आपल्यात बायका बी ‘मी येतो, मी जातो’ म्हणत्यात. मी सुदीक म्हणतो. मग तुमी तिला रेडा म्हणला तर काय बिघाडलं? रेडकू म्हणायला पायजे होतं व्हय?”

मालकांना ठसका लागला. मामा मात्र हलले नाहीत. त्यांचं ठरलं होतं, हे मला दिसत होतं. उद्या निरोप जाणार. जी शिवी ऐकून मला दुपारी शिकायला सुरुवात झाल्यासारखं वाटलं होतं, त्याच शिवीनं दुकान जाणार होतं. आणि हे थांबवायला बोलावं लागणार होतं, मलाच, त्यांच्या तोंडावर. मी त्या घरात इतकी वर्षं होते आणि मामांशी सलग एक वाक्य बोलले नव्हते.

तव्यावरची भाकरी फुगली होती. ती मी काढली, परातीत ठेवली, हात पुसले. आणि भाकरी घेऊन त्यांच्या ताटापर्यंत गेले. त्यांच्यासमोर खाली बसले.

“मामा, उद्या बी म्हणा.”

त्यांनी वर बघितलं.

“गाढवा म्हणा, म्हाताऱ्या म्हणा. न्हाय म्हणला तर मला कसं कळणार? पोरांना म्हणत हुता तेच म्हणा. आऊट निघाला पायजे माझा.”

शेवटचं वाक्य चुकलं. आऊट चाकाचा निघायचा होता, माझा नाही. आत्ती एवढ्या हसल्या की त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. मालक हसले. मामांनी ताटातली मोडलेली भाकरी उचलली आणि खायला लागले. हो म्हणाले नाहीत, पण निरोपाचं पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उघडलं, फरशी झाडली, हत्यारं मांडली आणि गिऱ्हाईक नव्हतं म्हणून बसून राहिले. मामा खुर्चीवर होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि रस्त्याकडं बघतच, फार कष्टानं म्हणाले, “काय, जावईबापू.”

मी उठून फरशी दुसऱ्यांदा झाडली.

त्यानंतर जे शिक्षण झालं ते भराभर झालं. मामांची जीभ एकदा सुटल्यावर थांबली नाही. शिव्या त्यांनी सगळ्या पुल्लिंगीच ठेवल्या. आठवड्यातून एखादी नवीन निघायची. एकच त्यांनी पाळलं, माझा बाप काढला नाही. ब्रेकच्या कामात तिथवर यायचे आणि ‘तुझ्या...’ म्हणून थांबायचे. तेवढ्यावरच मी ब्रेक पुन्हा उघडायचे.

त्या बायकांना मी सांगू शकले तर असं सांगीन. आधी पंक्चर शिका, पण पॅचपेक्षा काटा शोधायला शिका. मग चेन आणि ब्रेक. मग चाकाचा एक्सल उघडून छर्रे धुवायचे, ग्रीस भरायचं आणि छर्रे दाबून धरणारा नट, त्याला कोन म्हणतात, तो किती आवळायचा ते हातानं ओळखायचं. जास्त आवळला तर चाक जड होतं, कमी आवळला तर डुलतं. हे कुठं लिहिलेलं नाही, मनगटालाच कळतं. आणि चुकल्यावर न लाजता सांगणारा एक माणूस गाठा. तो गोड बोलणारा असेल तर उपयोग नाही.

आऊटला मला सगळ्यात वेळ लागला. मामांची रीत अशी की चाक फिरवायचं आणि रिमजवळ खडू स्थिर धरायचा. जिथं रिम बाहेर आलाय तिथं खडूची खूण उठते. मग त्याच जागेवरून दुसऱ्या बाजूला जाणारी तार थोडीशी आवळायची, अगदी थोडीशी, आणि पुन्हा फिरवायचं. मी सुरुवातीला एकदम पिळायचे. ‘रेड्या’ यायचं. मग मी फार भीत भीत फिरवायला लागले. तेव्हा ‘म्हाताऱ्या’ यायचं. दोन्हींच्या मधे कुठंतरी बरोबर जागा होती आणि ती सापडायला मला दिवाळीच्या तोंडापर्यंत वेळ लागला. शाळेची पोरं मधल्या सुट्टीत येऊन उभी राहायची आणि चाक सरळ फिरलं की ओरडायची, आऊट. ती क्रिकेटचं ओरडायची, पण मला बरं वाटायचं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मामांनी मला एक चाक दिलं. कुणाचं ते सांगितलं नाही. पार आठासारखं वाकडं झालेलं. म्हणाले, हे कर. मी ते स्टँडला लावलं आणि बसले. मामा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, शिवीसुद्धा नाही. मला ते जास्त अवघड गेलं.

चाक निम्म्यावर आलं होतं तेव्हा कव्हरवाला आला. हातात मोजायची टेप होती. आपला कव्हरांचा गाडा त्यानं रस्त्याच्या कडेला लावला, मामांना नमस्कार केला आणि शटरच्या खालून टेप लावायला वाकला.

मामा म्हणाले, “पावणं, टेप गुंडाळा.”

“का वो? ठरलं हुतं की दिवाळीचं.”

“बघू म्हणलो हुतो. बघितलं. जागा मोकळी न्हाय.”

“कोण घेतलं?”

“कोण घेतंय. माणूस बसलंय की हितं, दिसंना व्हय?”

कव्हरवाल्यानं खाली बघितलं. मी मान वर केली नाही. चाक थांबवलं, हात पदराला पुसला आणि पुन्हा फिरवलं. खडूची खूण उठली, पण आता अगदी बारीक. दुसऱ्या बाजूची तार शोधून मी थोडीशी आवळली.

तो माणूस तिथंच उभा राहिला. मला वाटलं भांडेल. मामांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी आधाराची काठी जवळ ओढली. पण तो चाकाकडं बघत होता. फिरणारं चाक माणसाला बघत राहायला लावतं, हे मला माहीत आहे. टेप त्यानं केव्हा खिशात घातली ते कळलं नाही.

मग तो माझ्याजवळ वाकला. मामांना नाही, मला विचारलं, “माझ्या गाड्याचं म्होरलं चाक लई डुलतंय. कव्हरं पडत्यात. त्याचं बी बघतासा का?”

मी मामांकडं बघितलं. मामा रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे तिकडं बघत होते. मग उत्तर मलाच द्यावं लागलं, परक्या माणसाला, भर रस्त्यात.

“बसा पावणं,” मी म्हणाले. “हे झालं की बघतो.”